आप्पांच्या शेवटच्या गोष्टीतली शांतता

१

गादीच्या कारखान्याची मालकीण सकाळी आल्या आल्या काय बघेल? कापूस उतरला का, शिवणयंत्रांवर सगळे हजर आहेत का, टेम्पो निघाला का. ताई यातलं काही बघायची नाही. पर्स खुंटीला अडकवायची, चष्मा पुसायची आणि थेट कॉम्प्युटरवर पॉडकास्टचे आकडे उघडून बसायची. कारखान्यातले लोक हसायचे. हसोत बापडे! पूर्वी पलीकडच्या गल्लीतही कुणाला ठाऊक नसलेली यांची गादी त्या पॉडकास्टमुळेच लांबलांबच्या घरांत जाऊन पोचली होती.

पॉडकास्ट कसला, तर आप्पांच्या झोपेच्या गोष्टींचा. आप्पा म्हणजे ताईचे वडील. आयुष्यभर गाद्या शिवल्या आणि म्हातारपणी माइकपुढे बसून लोकांना झोपवायला लागले. आवाज असा, की कुणी डोक्यावरून हात फिरवतंय. गोष्टीत फारसं काही घडायचं नाही. एक माणूस नदीकाठाने चालायचा, चालतच राहायचा, आणि ऐकणारा मधेच कधीतरी घोरायला लागायचा. गादीची जाहिरात सुरुवातीलाच उरकून घ्यावी लागे, कारण शेवटपर्यंत जागं कोण राहणार?

आप्पा दोन महिन्यांपूर्वी गेले. गेले तेही रेकॉर्डिंगच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं. त्यांची शेवटची गोष्ट घरच्यांनी जरा थांबून प्रसिद्ध केली आणि तिने कहर केला. एवढे श्रोते आजवर कुठल्याच भागाला मिळाले नव्हते. मात्र खालचे शेरे वाचून ताईच्या अंगावर काटा यायचा. 'आजोबा बोलता बोलता थांबतात ना, तेव्हा खोलीत आणखी काहीतरी असतं.' 'मी दिवा लावून झोपले.' 'पुन्हा मागे जाऊन ऐकलं. कुणीतरी माझ्या उशीजवळ श्वास घेतंय.'

त्या सोमवारी ताईने आकडे उघडले आणि शेवटची गोष्ट तिथे नव्हती. तिच्या आधीचे सगळे भाग ओळीने होते. ही मात्र कुणीतरी काढून टाकली होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तयार भाग ठेवलेला असे, तोही पुसलेला. आप्पांचा शेवटचा आवाज होता तो.

पासवर्ड तिच्याशिवाय तिघांकडे होता. रेकॉर्डिंग साफ करणारा साउंडवाला, तिचा धाकटा भाऊ, आणि तिचे यजमान, ज्यांना आप्पांपासून झाडूवालीपर्यंत सगळे जावईबापू म्हणत. तिघांनीही कानांवर हात ठेवले.

शेवटी तिने मावशीला फोन लावला. मावशी विमा कंपनीत सर्वेक्षक होती. जळालेली गोदामं हुंगून आग लागली की लावली हे सांगण्यात तिची हयात गेली होती. निवृत्त झाली तरी नाक शाबूत होतं.

"रडू नकोस गं," मावशी म्हणाली. "माझ्या फोनवर उतरवून घेतलेली आहे ती गोष्ट. मला कुठे झोप लागते? मी रोज शेवटपर्यंत ऐकते. पण मला एक सांग, त्या खोलीत आप्पांबरोबर बसलं होतं कोण?"

"कुणीच नाही," ताई म्हणाली. "आप्पा एकटेच होते."

"दुपारी येते," म्हणून मावशीने फोन ठेवला.

२

मावशी दुपारी आली ती गुडघ्याला शिव्या घालतच. चहा नको, पाणी नको, आधी खोली दाखव म्हणाली.

खोली कारखान्याच्या मागच्या बोळात होती. चारी भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलाही यांच्याच गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की बाहेरचं जग बंद. आपल्याच गळ्यात आवंढा गिळल्याचा आवाज ऐकू यावा, असली ती शांतता. दाराबाहेर एक लाल दिवा होता. आप्पा आतून तो लावत, आणि तो पेटलेला असेल तर छप्पर कोसळलं तरी कुणी दार उघडायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता.

"बाहेर हाक ऐकू जाते?" मावशीने विचारलं.

"बोंब मारली तरी नाही," ताई म्हणाली आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं.

दोघींनी हेडफोनचं एकेक टोक कानात घातलं. आप्पांचा आवाज आला. "माणूस नदीकाठाने चालला होता..." ताईचे डोळे भरले. मग आप्पा थांबले, नेहमीसारखे, वाक्य संपवून. आणि त्या थांबण्यात कुणीतरी श्वास घेतला. ओढून घेतलेला, घोगरा, अर्धाच. आप्पा पुन्हा बोलू लागले तेव्हा त्यांचा स्वर स्वच्छ होता, दम लागल्याची खूण नव्हती. पुढच्या थांबण्यात पुन्हा तोच श्वास. ताईने मान वळवून मागे बघितलं. मागे गाद्या होत्या, आणखी काय असणार?

"भुताटकी म्हणायची का?" ती कुजबुजली.

"भूत असतं तर विमा कंपन्या कधीच बुडाल्या असत्या," मावशी म्हणाली, पण तिच्याही हातावरचे केस उभे होते. "मला तुझे ते आलेख दाखव. तू दिवसरात्र बघतेस ते."

ऑफिसात ताईने आलेख उघडले. आप्पांच्या जुन्या गोष्टींचा आलेख घसरगुंडीसारखा होता. सुरुवातीला सगळे हजर, मग हळूहळू एकेक जण गळत जाई. लोकांना झोप लागायची, फोन गप्प व्हायचा. गेल्या वर्षभरातल्या भागांचा आलेख मात्र सरळ रेघ होती, पट्टी लावून ओढल्यासारखी. आणि या शेवटच्या गोष्टीचा? त्यावर टेकड्याच टेकड्या. आप्पा जिथे जिथे थांबले होते, तिथे तिथे लोक मागे येऊन पुन्हा ऐकत होते.

"ही सरळ रेघ चांगली का?" मावशीने विचारलं.

"म्हणजे काय! लोक शेवटपर्यंत ऐकतात. दर आठवड्याला हे मला अहवाल देतात ना, त्यात ते असतंच. एक मोठी कंपनी आपल्याशी भागीदारी करायला तयार झालीय ती याच आकड्यांवर."

मावशी रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आप्पांनी जायच्या आधी मला फोन केला होता. म्हणाले, माझ्या गोष्टीला हल्ली कुणीतरी जागं बसतंय, आणि ती माणसं नाहीत असं मला वाटायला लागलंय. मी म्हटलं, म्हातारा चळला."

ताईने साउंडवाल्याला फोन लावला.

३

साउंडवाल्याला बोलावलं तेव्हा तो आधीच पांढराफटक पडला होता. पोरगेलेसा चेहरा, दाढी मात्र ऋषीसारखी. आप्पा गेले त्या सुट्टीच्या दिवशी तो गावातच नव्हता, बहिणीकडे गेला होता, असं त्याने न विचारताच दोनदा सांगितलं.

"तो श्वास कुठून आला रे बाबा?" मावशीने विचारलं.

"मला माहीत नाही, खरंच. शेरे वाचल्यावर मी पण ऐकला. झोप उडाली माझी."

"शेरे वाचल्यावर? म्हणजे गोष्ट जोडताना ऐकला नाहीस?"

साउंडवाल्याने दाढी ओढली. "मावशी, तुम्ही हसाल. मी ऐकत नाही. बघतो."

त्याने समजावून सांगितलं. आवाजाची पडद्यावर रेघ उमटते. माणूस बोलला की ती उसळते, गप्प बसला की सपाट होते. इतकी वर्षं काम केल्यावर खोकला कुठला, खुर्चीची करकर कुठली, हे त्याला रेघेवरूनच कळायचं. खोकला कापायचा आणि त्या जागी शांतता भरायची. ही शांतता साधीसुधी नसते, त्याच खोलीतली, त्याच दिवशीची लागते, नाहीतर ठिगळ कळतं. म्हणून आप्पा गोष्ट सुरू करण्याआधी थोडा वेळ नुसते गप्प बसत. खोलीला बोलू द्या, असं त्यांना साउंडवाल्यानेच शिकवलं होतं.

"आणि या वेळी?"

"या वेळी आप्पा गप्प बसायला विसरले. आल्या आल्या गोष्ट सुरू. खोकला तर फार होता. मग मला शांतता मिळणार कुठून? गोष्ट संपल्यावरही यंत्र चालूच राहिलं होतं. तिथे लांबलचक सपाट रेघ होती. मी ती उचलली आणि सगळीकडे भरली."

ताई ताडकन उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

आप्पा संध्याकाळी खुर्चीतच सापडले होते. गोष्ट संपल्यावर ते तिथून उठलेच नव्हते. यंत्र चालू होतं. म्हणजे ज्या शांततेची ठिगळं गोष्टीभर लावली होती, ती आप्पांच्या शेवटच्या घटकेची होती. हजारो घरांत, हजारो उशांशी, तिचे वडील महिनाभर जीव सोडत होते.

साउंडवाला ढसाढसा रडायला लागला. "ताई, मला सपाट दिसलं हो! मेलेल्या माणसाच्या खोलीतलं कानाला लावायची माझी छाती झाली नाही."

ताईला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मूळ रेकॉर्डिंग कुठाय?" मावशीने विचारलं.

"पुसलं. त्या कार्डावर नवीन काम केलं. पण ती सपाट रेघ मी वेगळी कापून ठेवलीय, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर. पूर्ण."

"आण," मावशी म्हणाली. "आणि कुणाला सांगू नकोस. बायकोलासुद्धा नाही."

४

धाकटा भाऊ आला तोच तडकलेला. त्याला पॉडकास्ट पहिल्यापासून पटत नव्हता. गादी पाठीने विकली जाते, तोंडाने नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

"मी कशाला काढू ती गोष्ट? माझ्या बापाचा आवाज आहे तो," तो म्हणाला. "पण गेली ते बरं झालं. लोक भुताची गादी म्हणायला लागलेत आपल्याला."

"आप्पा गेले त्या दिवशी तू कुठे होतास?" मावशीने विचारलं.

"इथेच. माहीत आहे की सगळ्यांना. सुट्टी होती, म्हणून जेवण झाल्यावर एकटाच येऊन पिंजणयंत्र चालवून बघत होतो. पट्टा घसरत होता. संध्याकाळी आप्पांना बोलवायला गेलो, लाल दिवा पेटलेलाच. आधी थांबलो. मग म्हटलं, एवढी कसली लांब गोष्ट, आणि दार उघडलं." त्याने बाहीने डोळे पुसले. "नियम मोडला म्हणून ओरडतील, असंच वाटलं होतं मला."

मावशीने त्याला पिंजणयंत्र दाखवायला सांगितलं. कापूस पिंजायचं ते अजस्र धूड बोळाच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे होतं. तिथून रेकॉर्डिंगचं दार दिसत नव्हतं. धाकट्याने पायाखालची पट्टी दाबली, आणि सगळी जमीन घुमायला लागली. एकसुरी, जाडा, पोटात शिरणारा घुमारा. त्याने पाय काढला आणि यंत्र जागच्या जागी थांबलं.

"पाय काढला की बंद?"

"एका कामगाराचा हात जाता जाता वाचला होता, तेव्हापासून आप्पांनी तशी सोय केलीय. पाय पट्टीवर असला तरच चालतं. जागचं हलता येत नाही."

"त्या दिवशी आणखी कुणी आलं होतं?"

"कुणी दिसलं नाही. दिसणार कसं? पट्टा जळायला लागला होता, डोळे चुरचुरत होते. बोळभर जळक्या रबराची घाण सुटली होती. फाटकाच्या किल्ल्या तर, आप्पा सोडले तर, ताई, मी, जावईबापू आणि साउंडवाला, एवढ्या चौघांकडेच असतात."

तो जाता जाता दारात थांबला. "ताई, माझ्यावर संशय आहे का तुझा?"

तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. लहानपणी तिनेच त्याला पाठुंगळी घेऊन याच बोळातून फिरवलं होतं. आता तो खाली मान घालून त्याच बोळातून निघून गेला.

५

जावईबापू स्वतःच आले. हातात चहाचे तीन कप. गोड माणूस. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांचा पहिला धंदा बुडाला तेव्हा आप्पांनी त्यांना कारखान्यात घेतलं, पॉडकास्टची सगळी व्यवस्था त्यांच्या हाती सोपवली. आकडे, जाहिरात, ती भागीदारीची बोलणी, सगळं तेच बघत. रात्री ताईचे पाय दुखले तर चेपूनही देत. मावशी गमतीने म्हणायची, असला नवरा मिळाला असता तर मी नोकरीच केली नसती.

"मावशी, घ्या, साखर कमी घातलीय," ते म्हणाले. "साउंडवाल्याचीच चूक असणार बघा. घाबरून त्यानेच काढली असेल गोष्ट. पोरगा आहे, जाऊ द्या."

"तुम्ही ऐकली होती ती?"

"मी कसली ऐकतोय! मी आपला आकडेवाला. गोष्ट ऐकायला बसलो तर काम कोण करणार? काल म्हटलं, एवढे शेरे येतायत तर थोडी ऐकू. चांगली होती."

"श्वास ऐकलात?"

"यंत्राचा दोष असतो हो असा कधी कधी."

मावशीने चहाचा घोट घेतला. "आप्पा गेले त्या दिवशी तुम्ही इथे होता ना?"

"सकाळी थोडा वेळ. मुलीला होस्टेलवर सोडायला ही गेली होती, घरी एकटा काय करू? आप्पा गोष्टीच्या तयारीत होते. पण त्या जळक्या वासाने माझं डोकं असं चढलं की जेवायच्या आधीच मी घरी जाऊन आडवा झालो. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला तेव्हाच उठलो." त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "मी थांबलो असतो तर, असं रोज मनात येतं."

ताईने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मावशी मात्र कपाच्या कडेवरून त्या दोन हातांकडे बघत होती.

ते गेल्यावर ती उठली आणि तिने दाराला कडी घातली.

"साउंडवाला आलाय मागच्या दाराने," ती म्हणाली. "आता मन घट्ट कर. किंवा तू बाहेर थांब, मी ऐकते."

"माझे वडील आहेत," ताई म्हणाली. "मीच ऐकणार."

६

तिघं मागच्या दाराने रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसली. सपाट रेघ बरीच लांब होती. पडद्यावर बघितलं तर काहीच नव्हतं. साउंडवाल्याने आवाज चढवला आणि स्वतःच्या कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

श्वास होता. घोगरा, अडकणारा. मधे मधे खुर्चीच्या हातावर बोटं घासल्यासारखं काही. एकदा आप्पांनी काहीतरी म्हटलं, शब्द नव्हता तो, नुसता ओठांचा आवाज. ताईने तोंडात पदर कोंबला. मावशीने तिचा दुसरा हात घट्ट धरला होता.

"थांब," ताई एकदम म्हणाली. "हे खाली काय वाजतंय?"

"काय?"

"घुमतंय. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. श्वासाच्या खाली, अगदी खाली, एकसुरी घुमारा होता. इतका एकसुरी, की रेघेवर त्याची एकही उसळी नव्हती. डोळ्यांनी काम करणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. ताई याच कारखान्यात रांगायला शिकली होती. तिला सांगायची गरज नव्हती.

"पिंजणयंत्र आहे," ती म्हणाली. "पण या खोलीत ते ऐकू येत नाही. कधीच नाही. गोष्ट सांगताना मागे आहे का ते?"

गोष्ट लावली. आप्पांच्या बोलण्यामागे घुमारा नव्हता. पुन्हा शांतता लावली. तिथे होता. तो चालला, चाललाच, आप्पांच्या प्रत्येक श्वासाखालून चालला. आणि मग एका क्षणी, गादीवर गादी टेकावी तसा मऊ आवाज झाला आणि घुमारा दिवा मालवावा तसा गेला. श्वास मात्र राहिला. एकटाच, पातळ होत होत, आणखी काही वेळ.

मग तोही राहिला नाही.

मावशी जाड गाद्यांनी मढवलेल्या त्या दाराकडे टक लावून बघत होती.

"दार उघडं होतं गं," ती हळू म्हणाली. "कुणीतरी दार उघडून उभं होतं. आणि मग लावून घेतलं."

७

मावशीने जावईबापू आणि धाकटा, दोघांनाही ऑफिसात बोलावून घेतलं. खिडकीतून ऊन येत होतं, शिवणयंत्रांची खडखड चालू होती, सगळं कसं रोजच्यासारखं. साउंडवाल्याने ती शांतता दोघांना ऐकवली. धाकटा टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडला. जावईबापू ताठ बसून राहिले.

"दारात उभं राहणारा कोण?" मावशी म्हणाली. "साउंडवाला नाही. तो तिथे असता तर यंत्र चालू आहे हे त्याला पहिल्यांदा दिसलं असतं. मग तीच शांतता उचलून त्याने जगाला ऐकवली असती का? ही गोष्ट ज्याने प्रसिद्ध केली, त्याला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. धाकटाही नाही. घुमारा ऐकू येतोय म्हणजे तेवढा सगळा वेळ याचा पाय पट्टीवर होता, वळणापलीकडे. पाय काढला असता तर घुमारा थांबला असता. तोच पिंजणयंत्रावर आणि तोच दारात, असं होत नाही. ताई गावाला होती. फाटकाची किल्ली उरली एकाकडे."

"मी घरी होतो," जावईबापू म्हणाले.

"जळक्या वासाने डोकं चढलं म्हणून. पण पट्टा जळला जेवणानंतर, धाकट्याने यंत्र सुरू केल्यावर. जेवायच्या आधी घरी गेलेल्या माणसाला तो वास कुठून आला? आणि काल पहिल्यांदा गोष्ट ऐकलीत, तो श्वास ओळखलात, म्हणूनच ती पुसलीत ना?"

जावईबापूंनी ताईकडे बघितलं. नेहमीसारखंच, समजूत घालणारं. "अगं, दिवस आठवण्यात चूक होते माणसाची. मला काय पडलं होतं आप्पांचं वाईट व्हावं म्हणून?"

आणि तेव्हा ताईला ती सरळ रेघ दिसली. कॉम्प्युटर समोरच उघडा होता. वर्षभर ती त्या रेघेवर खूश होती. लोक शेवटपर्यंत ऐकतात म्हणून तिने नवऱ्याची पाठ थोपटली होती. झोपेच्या गोष्टी विकणाऱ्या बाईला एवढं कळू नये? झोपेची गोष्ट कुणी शेवटपर्यंत ऐकतं का? आप्पांना कळलं होतं. ज्याला माझी गोष्ट ऐकून झोप येत नाही तो माणूस नाही, असं ते मावशीला सांगत होते, आणि ते खरंच माणसांबद्दल बोलत नव्हते.

"विकत घेतलेले श्रोते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "यंत्रं ऐकत होती. यंत्रांना कुठली आलीय झोप. तुम्ही वर्षभर मला खोटे आकडे दाखवलेत, त्या भागीदारीसाठी. आणि आप्पांनी ते ओळखलं."

जावईबापूंनी चष्मा काढला. काढल्यावर त्यांचा चेहरा म्हातारा दिसला.

"संध्याकाळपर्यंत तुम्ही तिला सांगा, नाहीतर मी सांगतो, असं आप्पा म्हणाले," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बुडालो असतो मी. सगळ्यांसमोर. त्यांना विनवायला परत आलो. दिवा लाल होता तरी दार उघडलं. ते खुर्चीत तसे... छातीवर हात. मला बघितलं त्यांनी. हात पुढे केला. मी जाणार होतो गं आत. खरंच जाणार होतो. पाऊल उचलत होतो, आणि मनात आलं, एवढा एक क्षण थांबलं तर..."

धाकटा उठून त्यांच्या अंगावर जायला निघाला. मावशीने त्याला मनगटाला धरून खाली बसवलं.

"एक क्षण?" ताईने विचारलं.

"जास्त नाही."

"मी ऐकलंय," ताई म्हणाली. "किती वेळ तुम्ही उभे होता ते मी सगळं ऐकलंय. तुम्ही दार लावून घेतलंत तेव्हा ते जिवंत होते. त्यानंतरही होते."

बाहेर कुणीतरी टेम्पोवाल्याला हाका मारत होतं. याच माणसाच्या शेजारी ती दोन महिने झोपली होती, त्याच्या दंडावर डोकं ठेवून रडली होती, आणि तो तिला थोपटत होता. तिने साउंडवाल्याकडे हात पुढे केला. त्याने शांततेची ती फाइल असलेला पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. तिने खुंटीवरची पर्स काढली.

"कुठे निघालीस?" जावईबापूंनी विचारलं.

"पोलिसांत."

"आणि काय सांगणार आहेस त्यांना?" आता पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी हात लावला नाही त्यांना. गळा दाबला नाही, विष दिलं नाही. मी काहीही केलं नाही. ऐकतेस का? मी काहीच केलं नाही!"

ताई दारात थांबली.

"तेच सांगणार आहे," ती म्हणाली.